टी की एस

माझा भाऊ ऑयगेन याने कुलपांचं दुकान विकलं, त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. आम्ही सगळे वरच्या मजल्यावर जेवायला बसलो होतो. स्टुटगार्टजवळच्या कॉर्नटालमधलं हे घर आमच्या वडिलांनी बांधलं. खाली मी एकटी राहते. वर ऑयगेन, त्याची बायको गुड्रुन आणि त्यांचा मुलगा टिलमान. गुड्रुनने मसूर आणि श्पेट्झल, म्हणजे अंड्याच्या शेवया, केल्या होत्या. ऑयगेन आपल्या मसुरावर व्हिनेगर ओतत होता, आणि ओतता ओतताच म्हणाला, “मी पोर्शे घेणार आहे.”

“आधी तोंडातला घास गिळ,” गुड्रुन म्हणाली.

“नवी नाही गं. जुनी. बहात्तर सालची, नऊशे अकरा.”

“जुनी म्हणजे स्वस्त असेल,” मी म्हटलं.

टिलमान मोठ्याने हसला. “आत्या, जुनी म्हणजेच महाग!”

“मग मला स्वयंपाकघराची खिडकी कधी मिळणार?” गुड्रुनने विचारलं. “या फटीतून वारा येतो, याला किती वर्षं झाली?”

“खिडकीची किंमत वाढत नाही,” ऑयगेन म्हणाला. “या गाडीची वाढते.”

हे वाक्य तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. ऑयगेन सरळ काही विकत घेणाऱ्यातला नव्हताच. बूट घेतानाही तो ते किती वर्षं टिकतील ते आधी विचारायचा. या गाड्यांचा कारखाना आमच्या शेतांपलीकडच्या गावात. शिकाऊ असताना तो मोपेड थांबवून रस्त्याकडेला उभा राहायचा, चाचणीच्या गाड्या जाताना बघायला. नंतर सगळं आयुष्य त्याने दारावर आमचं आडनाव रंगवलेली व्हॅन चालवली. आता दुकान विकलं होतं, हातात पैसा होता, आणि इच्छा जुनीच होती. एवढंच असतं तर ही गोष्ट हसण्यावारी गेली असती.

पण टिलमानचे डोळे जात होते.

तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. एका यंत्रांच्या कंपनीत आराखडे काढायचं काम करायचा. वर्षभरापूर्वी अंधाराच्या वेळी जिन्यावरून पडला, तेव्हा तपासण्या झाल्या आणि कळलं की गुड्रुनच्या माहेरचा आजार त्याच्यात उतरला आहे. आईकडून मुलग्यांना जातो तो. आईला स्वतःला काही होत नाही. नजर कडेकडेने जायला लागते, आणि मधे उरतं ते हळूहळू आवळत जातं. गुड्रुनचा थोरला भाऊ एरविन चाळिशीच्या आत पूर्ण आंधळा झाला होता. संस्थेतल्या एका खोलीत बसून ब्रश बांधत त्याने उरलेलं आयुष्य काढलं. टिलमानला डॉक्टरांनी सांगितलं होतं की रात्री गाडी चालवायची नाही, दिवसा चालव, पण दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं. “चार-पाच वर्षं तरी काळजी नको,” असंही ते म्हणाले होते. त्या चार-पाच वर्षांवर आमचं सगळं घर उभं होतं.

गाड्यांचं वेड बापलेकांचं सारखंच. त्या रविवारनंतर वरच्या मजल्यावर दुसरा विषय नव्हता. मलाही सगळं पाठ झालं. त्या वर्षीच्या गाडीच्या तीन जाती होत्या. टी सगळ्यात साधी, ई मधली, आणि एस सगळ्यात ताकदवान, सगळ्यात दुर्मीळ. बाहेरून तिघी सख्ख्या बहिणी. मला तर एकीला झाकून दुसरी दाखवली असती तरी कळलं नसतं. निघणाऱ्या छताची टार्गाही होती, पण ती पावसात गळते म्हणून ऑयगेनने पहिल्याच दिवशी खोडली. ई चांगली मिळेना. राहिल्या दोन, टी आणि एस.

टी बघायला एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही म्युन्सिंगेनला गेलो. मला कशाला नेलं ते माहीत नाही. गुड्रुनला मान दुखत होती, आणि तिच्या वाटचे सँडविच फुकट जाऊ नयेत म्हणून असेल. गाडी शेम्पबाईंची होती. त्यांचा नवरा जनावरांचा डॉक्टर होता, तो वारला होता. नारंगी रंगाची ती गाडी घेऊन तो बारा महिने गोठ्यागोठ्यांत फिरायचा. सीटवर अजून गवताचा वास होता.

“वासरू ओढायच्या दोऱ्या पुढच्या डिकीत असायच्या,” शेम्पबाई म्हणाल्या. “शेतकरी म्हणायचे, डॉक्टर, तुम्ही कामाला आलात की मिरवायला?”

ऑयगेनने खिशातून लोहचुंबक काढला आणि पत्र्यावरून फिरवायला सुरुवात केली. जिथे आत पुट्टी भरलेली म्हणून चुंबक धरेना, तिथे तो ओठ दाबायचा. रंग दोनदा दिलेला होता. इंजिनही मूळचं नव्हतं; एकदा फुटलं तेव्हा नवऱ्याने दुसऱ्या गाडीचं बसवलं, हे शेम्पबाईंनी स्वतःच सांगितलं. “मग काय करणार? गाई थांबतात होय?”

मग त्यांनी किल्ली टिलमानच्या हातात दिली. “जा, फिरवून आण. लाउटर नदीच्या काठाने जा, रस्ता छान आहे.”

ऑयगेन शेजारी बसला. मागे दोन जागा होत्या, लहान मुलांसाठी केलेल्या. त्यात साठी उलटलेली मी, गुडघे हनुवटीला लावून. किल्ली स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला असते, ते टिलमानला बघावं लागलं नाही. इंजिन माझ्या पाठीमागेच सुरू झालं, आणि माझे दात वाजले.

तो रस्ता नदीसारखाच वळत जातो. दोन्ही बाजूंना उतारांवर मेंढ्या होत्या, ऊन होतं. टिलमान गिअर बदलायचा तेव्हा गाडी जराशी खाली बसायची आणि मग उठून पळायची. वळणावर तो आधी वेग कमी करायचा, मग मधेच पाय दाबायचा, आणि प्रत्येक वळण झालं की हसायचा. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात, लहानपणी खोडी काढल्यावर हसायचा तसा. तपासण्या झाल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

“आत्या, जिवंत आहेस?”

“पाय तुझ्या बापाच्या सीटखाली कुठेतरी आहेत. सापडले तर सांग.”

“बाबा, ऐकतोस ना? तिसऱ्या गिअरमध्ये कशी ओढते! टीची हीच मजा. हिला पळवायची गरजच नाही, खालच्या आवाजातच चालते.”

“हं,” ऑयगेन म्हणाला. पण त्यालाही हसू आवरत नव्हतं. मला आरशात दिसत होतं.

परत आल्यावर शेम्पबाईंनी कॉफी दिली. टिलमान तेवढा वेळही गाडीतच बसून होता, दार उघडं ठेवून.

एस बघायला आम्ही पुढच्या आठवड्यात ट्युबिंगेनला गेलो. मालक दातांचे डॉक्टर होते, काउट नावाचे. गाडी चंदेरी, पहिल्या दिवसापासून त्यांचीच. गॅरेजमध्ये फरशी, भिंतीवर हवा कोरडी ठेवायचं यंत्र, आणि गाडीवर मऊ खोळ. डॉक्टरांनी खोळ उचलली ती दोन्ही हातांनी, घडी मोडू न देता. ऑयगेनचा चुंबक सगळीकडे चिकटला. इंजिनाचा नंबर जुळला. पहिल्या खरेदीचे कागद, प्रत्येक दुरुस्तीचे कागद, सगळं होतं.

“चालवून बघता येईल?” टिलमानने विचारलं.

डॉक्टरांनी बाहेर आभाळाकडे पाहिलं. “पाऊस येईलसं वाटतं,” ते म्हणाले. मग तिथेच इंजिन सुरू करून दाखवलं आणि गाडी दहा पावलं पुढे-मागे केली. ऑयगेन अगदी गप्प होता. तो गप्प झाला की त्याने ठरवलेलं असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

भांडण त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात झालं. मी पावाची टोपली परत द्यायला वर गेले होते, ती तिथेच अडकले.

“बाबा, टी घेऊ या,” टिलमान म्हणत होता. “निम्म्याहून कमी पैशात मिळतेय. उरलेल्यात आईची खिडकीसुद्धा होईल.”

“टीचं इंजिन तिचं नाही. पत्र्यात पुट्टी भरलीय. दहा वर्षांनी तिला कोण विचारणार? एसला सगळं जग विचारेल.”

“दहा वर्षांनी मला काय करायचंय?”

“दहा वर्षांनीच तर तुला लागणार आहे.”

गुड्रुनने सिंकचा नळ सोडला. भांडी तर आधीच धुऊन झाली होती.

“म्हणजे गाडी माझ्यासाठी आहे?” टिलमानने विचारलं.

“मग कोणासाठी? या वयात मी काय शर्यतीत उतरणार आहे? गाडीचे कागद तुझ्या नावावर करणार आहे मी.”

“माझ्यासाठी असेल तर मला हवी ती घे ना! मला आत्ता दिसतंय, बाबा. आत्ता. मला ती चालवायची आहे, कामाला जाताना, पावसात, सगळीकडे. तुझ्या एसला पाण्याचा थेंब लागलेला तुला चालेल का?”

“एरविनची खोली आठवते तुला?” ऑयगेनचा आवाज चढला. “एक पलंग, एक टेबल आणि ब्रशांचा ढीग. नाताळला आपण जायचो, तर बसायला दुसरी खुर्ची नसायची. मी मेल्यावर तुझं काय, याचा विचार तू करत नसशील, मला करावा लागतो.”

“माझ्या भावाला यात ओढू नकोस,” गुड्रुन मान न वळवता म्हणाली.

टिलमान उठला आणि खुर्ची नीट टेबलाखाली सरकवून आपल्या खोलीत गेला. त्याने दार आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दोन आठवड्यांनी एस आमच्या गॅरेजमध्ये आली.

ऑयगेनने वाईट काही केलं असं मी म्हणत नाही. एवढे पैसे एका वस्तूत घालताना त्याला रात्र रात्र झोप लागली नव्हती, हे गुड्रुनने मला सांगितलं. आणि गाडी खरंच सुंदर होती. गल्लीतली माणसं कुंपणापाशी थांबायची. पण तिच्यासोबत नियम आले. रस्ता ओला असेल तर बाहेर काढायची नाही. ऑक्टोबरनंतर नाही, कारण रस्त्यावर मीठ पडतं. ट्रकच्या मागे नाही, कारण खडे उडतात. पहिली पंधरा मिनिटं हळू, कारण तेल गरम व्हायला हवं. टिलमान चालवायला बसला की ऑयगेन शेजारी बसायचा, आणि समोरच्या पट्टीवर हात ठेवून सगळा वेळ काहीतरी म्हणत राहायचा. “कडेने नको.” “क्लच दाबून धरू नकोस.” “तो खड्डा बघ.”

“बाबा, तू गाडीत बसलायस की दवाखान्यात?” टिलमान एकदा म्हणाला.

एस तशी मुळातच वेगळी. टी खालच्या आवाजात गोड चालायची, तर एसचं इंजिन जोरात पळवल्याशिवाय ती जागीच व्हायची नाही. आमच्या गावच्या रस्त्यांवर तिला तसं पळवायला जागा कुठे? ती कुरकुरत जायची, आणि परत आली की ऑयगेन तिला पुसून खोळ घालायचा. उन्हाळाभर टिलमानने ती मोजून चार-पाच वेळा चालवली असेल. पुढेपुढे ऑयगेन “येतोस का?” विचारायचा आणि टिलमान म्हणायचा, “तूच जाऊन ये.”

सप्टेंबरच्या शेवटी, एका कोरड्या रविवारी, ऑयगेननेच आग्रह केला. तेव्हा घडलं ते मला त्या दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं सांगणं तंतोतंत सारखं होतं.

शेतांमधला सरळ रस्ता होता. मका अजून उभा होता. ऑयगेनने त्या दिवशी पट्टीवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, “आता तेल गरम झालंय. दाब.” टिलमानने दाबलं. गाडीचा आवाज पालटला, वर वर गेला, आणि त्या वेळी ऑयगेनला पहिल्यांदा वाटलं की आपण हिच्यासाठी दिलेलं सगळं वसूल झालं. तेवढ्यात उजवीकडच्या शेतवाटेवरून एक बाई सायकल घेऊन रस्त्यावर आली. ऑयगेनला ती केव्हापासून दिसत होती. तिला थांबायला जागा होती, टिलमानला हळू करायलाही भरपूर वेळ होता. पण टिलमान हळू करेना. ऑयगेन ओरडला आणि त्याने स्टिअरिंग स्वतःच ओढलं. बाई सायकलसकट गवतात पडली, गाडी पलीकडच्या कडेला जाऊन थांबली.

बाईला काही झालं नव्हतं. कोपर खरचटलं होतं. ती उठून तावातावाने आली. “आंधळे आहात का?” तिने विचारलं.

टिलमान गाडीतून उतरला, तिची सायकल उभी केली, तिचा दिवा पुसून दिला आणि म्हणाला, “हो. माफ करा.”

मग त्याने वळसा घालून ऑयगेनच्या बाजूचं दार उघडलं आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. “ती मला दिसलीच नाही, बाबा. तू ओरडलास तोपर्यंत तिथे फक्त मका होता.”

मी अंगणात वाळलेले कपडे काढत होते. गाडी आत आली तेव्हा ऑयगेन चालवत होता, आणि इतका हळू की मला वाटलं गाडीच बिघडली.

डॉक्टरांकडे तपासणी झाली. चार-पाच वर्षांचं जे सांगितलं होतं, ते आजाराने मानलं नव्हतं. मागच्या तपासणीनंतरच्या पाच महिन्यांत नजर एवढी आवळली होती की डॉक्टरांनी दोनदा यंत्र लावून बघितलं. गाडी चालवायचा परवाना टिलमानने स्वतः कचेरीत जाऊन परत केला. ऑयगेन सोबत जातो म्हणाला, तर “बसने जातो, सवय व्हायला हवी,” एवढंच बोलला.

त्यानंतरची वर्षं मी भराभर सांगते, कारण ती तशी सांगण्याजोगी नाहीत. टिलमानला आराखड्यांचं काम सोडावं लागलं. त्याने पांढऱ्या काठीने चालायचं शिकून घेतलं, बोटांनी वाचायचं शिकून घेतलं, स्टुटगार्टला दोन वर्षं नवं शिक्षण घेतलं आणि आरोग्य विम्याच्या एका कचेरीत फोनवर लोकांना सल्ला द्यायच्या कामाला लागला. तिथे त्याचा आवाज सगळ्यांना आवडायचा. पस्तिशीपर्यंत त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

एस गॅरेजमध्ये होती. ऑयगेननेही ती चालवायचं सोडलं. महिन्यातून एकदा खोळ काढायचा, टायरमधली हवा बघायचा, परत खोळ घालायचा. आणि गाड्यांच्या मासिकात किंमत आली की रात्रीच्या पावाबरोबर ती सांगायचा. “पुन्हा वाढली, टिलमान. आपण घेतली त्याच्या दुप्पट झाली.” पुढे तिप्पट, मग चौपट. आजारी माणसाला औषध पाजावं तसं तो ते आकडे त्याला द्यायचा.

“छान,” टिलमान म्हणायचा आणि लोणी मागायचा.

शेवटी आठ-नऊ वर्षांनी ऑयगेनने ती विकायला काढली. झ्युरिचहून एक माणूस आला, सोबत बंद ट्रक घेऊन. चांगला माणूस होता, नम्र होता. त्याने पांढरे सुती हातमोजे घातले आणि बराच वेळ गाडीखाली दिवा धरून बघितलं. व्यवहार बँकेत होऊन गेला होता. गाडी न्यायची तेवढी राहिली होती.

टिलमान गॅरेजच्या दाराशी उभा होता. त्याने विचारलं, “ट्रकमध्ये चढवताना सुरू कराल ना?”

“नको,” तो माणूस म्हणाला. “इतकी वर्षं उभी आहे, आतलं तेल जुनं झालंय. आम्ही तिकडे आधी सगळं उघडून साफ करू. आज दोरीने ओढून घेऊ.”

“तिकडे मग चालवणार?”

तो माणूस अवघडला. “माझ्याकडे अशा सात आहेत,” तो म्हणाला. “एका हॉलमध्ये असतात. हवा वगैरे सगळं नियंत्रित.”

टिलमानने मान हलवली. ट्रकच्या मोटारीने घरघर करत दोरी ओढली आणि गाडी फळीवरून आवाज न करता वर गेली. ऑयगेनने तिच्या मागच्या झाकणावर हात ठेवला होता, तो फळीपर्यंत तसाच चालत गेला आणि मग त्याला हात काढावा लागला. ट्रक वळणापलीकडे गेल्यावर तो रिकाम्या गॅरेजमध्ये गेला आणि आतून दार ओढून घेतलं. गुड्रुन जायला निघाली, तिला मी थांबवलं.

त्या पैशातून टिलमानसाठी स्टेशनजवळ फ्लॅट घेतला. तळमजला, दोन खोल्या, पुढे छोटी बाग, आणि दार उघडलं की सरळ फलाटाकडे जाणारा फूटपाथ. वर काही रक्कम त्याच्या नावावर राहिली. ऑयगेनने जे म्हटलं होतं ते अक्षरशः खरं झालं. असा फ्लॅट टिलमानला आपल्या पगारात जन्मात मिळाला नसता. तो वडिलांच्या गळ्यात पडला, “थँक यू, बाबा” म्हणाला, मनापासून म्हणाला. ऑयगेन त्याच्याकडे बघत राहिला, जणू अजून एखादं वाक्य यायचं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात ऑयगेन लुडविग्सबुर्गला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गेला. आला तो सरळ माझ्याकडे, खाली. टोपीही काढली नाही.

“इर्मा, तिथे एक टी होती.”

“मग?”

“नारंगी. शेम्पबाईंची नव्हे, दुसरी. हिचंही इंजिन बदललेलं. मी किंमत विचारली.” त्याने खुर्चीची पाठ धरली. “टीचीही तेवढ्याच पटीने वाढलीय. सगळ्यांचीच. टी, ई, टार्गा, गळकी, गंजकी, काहीही. दोन वर्षं पावसात चालवून, ठोकून, परत रंगवून ठेवली असती तरी तो फ्लॅट नाही, पण त्याच्यासारखं काहीतरी झालं असतं. आणि वाचलेले पैसे होते ते वेगळेच.”

मी त्याच्यासाठी पाणी आणलं. त्याने ते घेतलं नाही.

“त्याला सांगायला हवं,” तो म्हणाला.

“कशाला? काय मिळणार आहे आता?”

“मला सांगायला हवं.”

आम्ही दोघं त्याच दुपारी टिलमानकडे गेलो. त्याने कॉफी केली. कपात बोट घालून भरलं किती ते तो बघायचा, आणि त्याचं कोणाला वाईट वाटलेलं त्याला आवडायचं नाही. ऑयगेनने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

टिलमानने किटली खाली ठेवली. “मला माहीत आहे, बाबा.”

“काय माहीत आहे?”

“टीचे भाव. संगणक वाचून दाखवतो मला. चार-पाच वर्षांपूर्वीच कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू एवढा खुशीत सांगायचास एसचे भाव. त्यात काय बोलू?” तो खुर्ची चाचपून बसला. “आणि ऐक. टी घेतली असती तरी ती सायकलवाली बाई त्याच दिवशी आली असती. माझे डोळे काही गाडी बघून गेले नाहीत. उलट टीत मी एकटाच असतो, शेजारी तू नसतास. तू होतास म्हणून ती वाचली. तेव्हा बरंच झालं. बस आता, कॉफी गार होतेय.”

ऑयगेन बसला. त्याने कॉफी प्यायली. जाताना तो बराच हलका झालेला वाटला. रस्त्यात मला म्हणाला, “पोरगा शहाणा आहे, इर्मा. त्याला राग नाहीये.” त्यानंतर तो दर शनिवारी टिलमानकडे जायला लागला, त्याच्या बागेत टोमॅटो लावून द्यायला. गुड्रुनच्या खिडकीचंही त्याने त्या वर्षी करून टाकलं, एकदाचं.

गेल्या फेब्रुवारीत ऑयगेन गेला. हृदयाचा झटका आला तेव्हा तो अंगणातला बर्फ ओढत होता. दफनाला दुकानातली जुनी गिऱ्हाइकंही आली होती. नंतर हॉलमध्ये बटाट्याचं सॅलड आणि कॉफी झाली, लोकांनी त्याच्या कुलपांच्या गमती सांगितल्या, आणि टिलमान प्रत्येकाचा आवाज ओळखून नावाने आभार मानत होता.

आता बुधवारी मी त्याच्याकडे जाते. गुड्रुन रविवारी जाते. मागच्या महिन्यात असंच जेवून झालं, तो भांडी धुत होता आणि मी पुसत होते. बाहेर ऊन चांगलं होतं, त्याने मागचं दार उघडं ठेवलं होतं. फलाटावर गाडी आल्याची घोषणा ऐकू येत होती.

“घर चांगलं आहे, आत्या,” तो अचानक म्हणाला. “बाबांनी माझं चांगलंच केलं. मला एरविनमामासारखं राहावं लागलं नाही.”

“खरं आहे,” मी म्हटलं.

त्याने एक ताटली धुतली, मला दिली. दुसरी हातात घेतली आणि ती नुसतीच नळाखाली धरून राहिला.

“पण मला टी हवी होती गं,” तो म्हणाला. “चारच महिने का होईना. मी एकट्याने, खिडक्या उघड्या टाकून, कुठेही गेलो असतो. बाबांना हे कधी सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर ते खचून गेले असते.”

मी नळ बंद केला आणि ओल्या हातानेच त्याचा हात धरला. तो रडत होता, आवाज न करता, तोंड दाराकडे करून.